पगारी रजेचा पंतप्रधान : लेओं ब्लूम

(बी. कॉम. भाग २, मराठी विभाग)

माझे धाकटे काका उद्यमबागेतील एका फौंड्रीत मोल्डिंगच्या कामावर होते. दरवर्षी सौंदत्तीच्या यात्रेला आमचे सारे घर जाई. काका बरोबर येत, पण डोंगरावर फार काळ रमत नसत. कारण यात्रेचे दोन दिवस म्हणजे दोन खाडे, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी बुडाली. त्यांचे नाव कारखान्याच्या पटावर नव्हते, कंत्राटदाराच्या वहीत होते. माणूस घरी बसलेला असताना त्याचा पगार चालू राहतो, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मास्तर आणि बँकवाले यांच्याबाबतीत ऐकून ठाऊक होती. मराठीत आपण रजा म्हणतो, कन्नड विभागातील माझे मित्र रजे म्हणतात. शब्द जवळजवळ एकच, आणि दोन्ही भाषांत ती मागावी लागते.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला चलनाचे अवमूल्यन हा धडा चालू होता. उदाहरणादाखल १९३६ चा फ्रान्स आला. समाजवादी पंतप्रधान ब्लूम यांनी मजुरी वाढविली, कामाचे तास घटविले, पगारी रजा दिली, फ्रँक घसरला, सरकार पडले. एका दमात सारे आटोपले आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतले. पण त्या वाक्याच्या पोटात दडलेली पगारी रजा माझ्या मनातून जाईना. म्हणून ग्रंथालयातील इंग्रजी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो. ज्या माणसाला आपण परीक्षेपुरते नुकसानीच्या रकान्यात टाकतो, त्याची खातेवही एकदा पहिल्या पानापासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लेओं ब्लूम यांचा जन्म ९ एप्रिल १८७२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील अल्सास प्रांतातून आलेले ज्यू गृहस्थ, रेशमी फितींचे व्यापारी. म्हणजे मूळ गोतावळा आम्हा कॉमर्सवाल्यांचाच. पाच मुलगे, त्यांत लेओं दुसरे. मुलगा हुशार निघाला, फ्रान्समधील अत्यंत नावाजलेल्या एकोल नॉर्माल या विद्यालयात १८९० साली दाखल झाला आणि वर्षभरातच बाहेर पडला. नंतर कायद्याचा अभ्यास करून १८९५ मध्ये ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये रुजू झाले. सरकारी कारभाराविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणारे हे तेथील वरिष्ठ न्यायपीठ. दिवसा तेथील फायली आणि संध्याकाळी नाट्यगृह, असा त्यांचा क्रम होता. नाटकांची आणि पुस्तकांची परीक्षणे ते लिहीत, आंद्रे जीद आणि मार्सेल प्रूस्त यांच्या वर्तुळात वावरत. १९०७ साली त्यांनी विवाहावर एक पुस्तक लिहिले. पुरुषाला लग्नापूर्वी जी मोकळीक समाज देतो ती स्त्रीलाही असावी, असा त्याचा रोख होता. त्या काळी त्यावर मोठा गहजब झाला. गंमत अशी, की तीस वर्षांनी ब्लूम पंतप्रधान झाले तेव्हा विरोधकांनी हेच पुस्तक पुन्हा उकरून काढले. तरुणपणी लिहिलेले काही फुकट जात नाही, हे कॉलेजच्या अंकात लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे!

असा हा साहित्यात रमलेला सरकारी अधिकारी राजकारणात ओढला गेला तो ड्रेफस प्रकरणामुळे. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर १८९४ साली खोट्या पुराव्याने देशद्रोहाचा आरोप सिद्ध करून त्याला दूर बेटावर धाडले होते. एमिल झोला या कादंबरीकाराने त्याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा खटला झोलांवरच भरण्यात आला. त्या खटल्यात झोलांच्या वकिलांना साहाय्य करणाऱ्यांत ब्लूम होते. त्यांचा आवडता लेखक मोरिस बारेस. त्याने ड्रेफसच्या बाजूने सही द्यावी म्हणून ते स्वतः त्याच्याकडे गेले, पण बारेसने नकार दिला. एका वाचकाला आपला लेखक असा गमवावा लागला. पण याच सुमारास एकोल नॉर्मालचे ग्रंथपाल ल्युसिएँ एर यांच्या सहवासाने ते समाजवादाकडे वळले, आणि जाँ जोरेस हे त्यांचे गुरू ठरले. १९०४ मध्ये जोरेस यांनी ल्युमानिते हे दैनिक काढले, त्याच्या उभारणीत ब्लूम यांचा हात होता. ३१ जुलै १९१४ रोजी पॅरिसच्या एका कॅफेत जोरेस यांना गोळी घालण्यात आली. तीन दिवसांत महायुद्ध फ्रान्सच्या दारात आले.

युद्धकाळात ब्लूम सार्वजनिक बांधकाम खात्याच्या समाजवादी मंत्र्यांचे प्रमुख साहाय्यक होते. १९१९ मध्ये ते प्रथम लोकसभेवर निवडून आले. वय सत्तेचाळीस. त्यांची पहिली मोठी कसोटी लागली ती डिसेंबर १९२० मध्ये, तूर या गावच्या पक्षाधिवेशनात. रशियातील क्रांतीने सारे भारावले होते आणि पक्षाने मॉस्कोच्या तिसऱ्या इंटरनॅशनलमध्ये सामील व्हावे असा ठराव होता. बहुमत कोणत्या बाजूला हे उघड दिसत असताना ब्लूम उठले आणि त्यांनी विरोध केला. वरून आज्ञा येणार, खाली गुपचूप पाळली जाणार, असा पक्ष त्यांना नको होता. जे जात आहेत त्यांनी जावे, पण जुन्या घराची राखण कोणी तरी केली पाहिजे, ही त्यांची भूमिका. मते मोजली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पलीकडे गेली होती. बहुसंख्य सभासद गेले, जोरेस यांचे दैनिकही गेले. उरलेल्यांना घेऊन ब्लूम यांनी पक्ष पुन्हा उभा केला आणि ल पॉप्युलेर या पत्रातून ते जवळजवळ रोज लिहू लागले.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी त्यांचा एक विचार येथे सांगणे भाग आहे. सत्ता जिंकणे वेगळे आणि सत्ता चालविणे वेगळे, असे ते म्हणत. सगळी समाजरचना बदलण्याइतके बळ जनतेने दिले तर ते सत्ता जिंकणे. पण इतर पक्षांच्या मदतीने, चालू कायद्याच्या चौकटीत सरकार बनवावे लागले, तर समाजवाद्यांनी स्वतःला दुकानाचे मालक न समजता मुनीम समजावे. जेवढा अधिकार मिळाला तेवढाच वापरावा, गुपचूप जास्त ओढून घेऊ नये. हे शब्द माझे आहेत, पण आशय त्यांचा. पुष्कळांना हा शब्दच्छल वाटला. मला मात्र वाटते, की त्यांच्या आयुष्यातील यश आणि अपयश दोन्ही या एका कलमातून निघाले.

१९३० नंतर जागतिक मंदी फ्रान्समध्ये उशिरा शिरली आणि उशिरापर्यंत मुक्काम ठोकून बसली. इंग्लंडने १९३१ मध्ये आणि अमेरिकेने १९३३ मध्ये सुवर्णाशी असलेले नाते सोडले, त्यामुळे फ्रान्सचा माल बाहेर महाग पडू लागला. १९३५ मध्ये लाव्हाल सरकारने यावर उपाय म्हणून सरकारी पगार दहा टक्क्यांनी कापले. तिकडे जर्मनीत हिटलर आला होता, आणि ६ फेब्रुवारी १९३४ रोजी पॅरिसमध्ये उजव्या संघटनांच्या जमावाने लोकसभेवर चाल केली. त्या रात्रीच्या गोळीबारात पंधराच्या आसपास माणसे मेली. सहा दिवसांनी समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे दोन वेगळे मोर्चे निघाले. चौदा वर्षे एकमेकांना शिव्या देणारे हे दोघे समोरासमोर आले तेव्हा मारामारी होणार अशी सर्वांना धास्ती होती. झाले उलटेच, मोर्चे एकमेकांत मिसळले. यातूनच समाजवादी, कम्युनिस्ट आणि मध्यममार्गी रॅडिकल यांची पॉप्युलर फ्रंट ही आघाडी जन्मली.

लेखक कलावंतही मागे नव्हते. कवी झाक प्रेव्हेर यांचे ऑक्टोबर नाट्यमंडळ कामगारांपुढे प्रयोग करी. १४ जुलै १९३६ रोजी रोमाँ रोलाँ यांचे फ्रेंच राज्यक्रांतीवरील जुने नाटक पुन्हा रंगभूमीवर आले, त्याचा पडदा पिकासोच्या चित्रावरून केलेला होता. रोलाँ आपल्याकडे गांधीजींचे आणि रामकृष्णांचे चरित्रकार म्हणून परिचित आहेत, म्हणून हा उल्लेख.

१३ फेब्रुवारी १९३६ रोजी ब्लूम एका सहकाऱ्याच्या मोटारीतून घरी निघाले होते. वाटेत राजेशाहीवाद्यांची अंत्ययात्रा चालली होती. जमावाने त्यांना ओळखले, मोटारीच्या काचा फोडल्या आणि मारहाण केली. रक्तबंबाळ अवस्थेत ते होते. जवळच एका इमारतीचे काम चालू होते, तेथील बांधकाम मजूर धावून आले म्हणून ते वाचले. सुमारे चार महिन्यांत त्यांनी त्या मजुरांसाठी काय केले ते पुढे येईलच.

३ मे १९३६ रोजी निवडणुकीची दुसरी फेरी संपली. आघाडीला बहुमत मिळाले आणि समाजवादी पक्ष प्रथमच सर्वांत मोठा ठरला. तेथील रिवाजाप्रमाणे नव्या सरकारला महिनाभर थांबायचे होते आणि ब्लूम नियमाला धरून थांबले. कामगार थांबले नाहीत. मे महिन्यात विमानांच्या कारखान्यांपासून संप सुरू झाले आणि जूनमध्ये सुमारे अठरा लाख कामगार संपावर गेले. हा संप आपल्या परिचयाचा नव्हे. कामगार फाटकाबाहेर बसले नाहीत, आतच राहिले. रात्री यंत्रांशेजारी झोपले, घरच्यांनी फाटकातून जेवणाचे डबे दिले, अकॉर्डियन वाजले, नाच झाले, आणि यंत्रांना धक्का लागू नये म्हणून पहारे बसले. मोठमोठ्या दुकानांतील विक्रेत्या मुलीसुद्धा काउंटरमागेच मुक्कामाला राहिल्या.

४ जूनला ब्लूम पंतप्रधान झाले. फ्रान्सचे पहिले समाजवादी आणि पहिले ज्यू पंतप्रधान. या दुसऱ्या गोष्टीवरून लोकसभेत एका सभासदाने उघड नापसंती व्यक्त केली. त्यांच्या मंत्रिमंडळात तीन स्त्रिया उपमंत्री होत्या, त्यांपैकी एक नोबेल पारितोषिक मिळविलेल्या इरेन जोलिओ-क्यूरी. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला १९४४ मध्ये. म्हणजे ज्यांना मत देता येत नव्हते त्या मंत्री झाल्या.

७ जूनच्या दुपारी मातिन्यों या पंतप्रधानांच्या कचेरीत कारखानदार आणि कामगार संघटना समोरासमोर बसल्या. बोलणी व्हावीत ही विनंती कारखानदारांकडूनच आलेली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. काही ठिकाणचे मजुरीचे आकडे टेबलावर आले तेव्हा ते ऐकून खुद्द मालकांच्या प्रतिनिधींनाही नवल वाटले, असे ब्लूम यांनी पुढे सांगितले. रात्री उशिरा करार झाला. सर्वांत कमी मजुरीला पंधरा टक्के वाढ, सर्वांत जास्त मजुरीला सात टक्के, मात्र कारखान्याचा एकूण मजुरीखर्च बारा टक्क्यांहून अधिक वाढू नये. संघटना करण्याचा हक्क मान्य झाला, खात्याखात्यात कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी आले. जून संपण्यापूर्वी कायदेही झाले. सामूहिक करार, आठवड्याला अठ्ठेचाळीसऐवजी चाळीस तास काम आणि मजुरी तेवढीच, आणि वर्षभर नोकरी झालेल्या प्रत्येकाला पंधरा दिवसांची पगारी रजा.

ही शेवटची मागणी आघाडीच्या जाहीरनाम्यात नव्हतीच. तरी तिला लोकसभेत जवळजवळ कोणीच विरोध केला नाही. त्याच महिन्यात जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनेही पगारी रजेचा करार संमत केला. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठेवली. हे मला धंदेविषयक कायद्याच्या पुस्तकात सापडले. काकांना दाखविले तर ते हसले, आणि २४० दिवस कोणाच्या वहीत मोजायचे, असे त्यांनी विचारले.

रजा मिळाली, पण जायचे कोठे? ज्याला कधी सुट्टी ठाऊक नाही त्याला ती घालवायची कशी हेही ठाऊक नसते. त्यासाठी ब्लूम यांनी खेळ आणि विरंगुळा यांचे एक वेगळे खाते काढले आणि लेओ लाग्राँज या पस्तिशीतल्या तरुणाकडे दिले. उजव्या वर्तमानपत्रांनी त्याला आळसाचे खाते म्हणून हिणविले. लाग्राँज यांनी रेल्वे कंपन्यांकडून रजेच्या प्रवासाला चाळीस टक्के सवलत मिळविली. पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोक त्या तिकिटावर गेले. कित्येकांनी समुद्र प्रथम पाहिला. पण बहुतेक लोक समुद्रावर गेले नाहीत. कोणी गावाकडे आईबापांना भेटायला गेले, कोणी सायकलवर आजूबाजूला फिरले, कोणी घरीच राहिले. हे मी काकांना सांगितले, तेव्हा त्यांचे समाधान झाले. ती माणसे त्यांना आपल्यातलीच वाटली असावीत.

आता वहीची दुसरी बाजू. कॉमर्सच्या विद्यार्थ्याने ती टाळणे बरे नव्हे. अठ्ठेचाळीस तासांची मजुरी चाळीस तासांना दिली तर तासाचा दर सरळ वीस टक्क्यांनी वाढतो. त्यावर करारातील बारा टक्के धरा. पन्नास आठवडे काम आणि बावन्न आठवड्यांचा पगार, म्हणजे आणखी चार टक्के. गुणाकार केला तर कारखानदाराला तासाचे काम सुमारे चाळीस टक्के महाग पडते. हा माझा ढोबळ हिशेब आहे, कारण चाळीस तासांचा नियम सगळीकडे एकदम लागू झाला नाही, उद्योगाउद्योगाने वर्षभरात झाला. तरी दिशा कळते. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनाही ती कळली. त्यांनी फ्रँक विकून सोने, पौंड, डॉलर घेतले आणि पैसा देशाबाहेर नेला. ब्लूम यांना हे बळाने थांबविता आले असते. परकी चलनावर नियंत्रण बसवायचे. पण तसे केले तर रॅडिकल पक्ष सोडून जाणार, लंडन आणि वॉशिंग्टन रागावणार. मुनिमाने आपली मर्यादा पाळली. बँक ऑफ फ्रान्सचा कायदा मात्र त्यांनी बदलला. त्या बँकेच्या सभेत फक्त दोनशे बड्या भागधारकांना मत होते, ते चाळीस हजारांच्या आसपास असलेल्या सर्व भागधारकांना मिळाले. पण तिजोरीतील सोने बाहेर जायचे थांबले नाही.

अवमूल्यन करणार नाही असे त्यांनी सांगितले होते. सप्टेंबर १९३६ च्या अखेरीस ते करावे लागले. पंचवीस ते पस्तीस टक्के. माझ्या मते चूक अवमूल्यनात नव्हती, उशिरात होती. जूनमध्येच केले असते तर मजुरीवाढीचा बोजा त्यात मुरला असता. भाव चढले आणि कामगारांची वाढ काही महिन्यांत बरीचशी त्यात विरघळली. पुढे आल्फ्रेद सोवी या अर्थशास्त्रज्ञाने तर चाळीस तासांच्या कायद्यालाच मुख्य दोष दिला. कुशल कामगार कमी असताना तास घटविल्याने उत्पादनच अडले, असे त्याचे म्हणणे. त्यात तथ्य आहे आणि ते नाकारून ब्लूम यांचे कौतुक करणे मला जमणार नाही.

मात्र ज्या गोष्टीने त्यांची झोप उडविली ती फ्रँक नव्हे, स्पेन. जुलै १९३६ मध्ये तेथील निवडून आलेल्या सरकारविरुद्ध सेनापतींनी बंड केले. त्या सरकारने शेजारच्या मित्राकडे विमाने मागितली. ब्लूम यांचा पहिला होकार होता. मग ते लंडनला गेले, तेथे सावधगिरीचे सल्ले मिळाले. परतल्यावर मंत्रिमंडळातले रॅडिकल अडले, राष्ट्राध्यक्ष अडले. स्पेनचे भांडण फ्रान्सच्या रस्त्यांवर येईल ही भीती होतीच. ब्लूम यांनी राजीनाम्याचा विचार केला, तेव्हा त्यांच्या स्पॅनिश मित्रांनीच त्यांना राहायला सांगितले. शेवटी कोणीच हस्तक्षेप करू नये असा करार युरोपभर झाला. फ्रान्सने तो बऱ्याच अंशी पाळला, गुपचूप काही शस्त्रे सीमेपलीकडे जाऊ दिली. हिटलर आणि मुसोलिनी यांनी सह्या केल्या आणि विमाने पाठवीत राहिले. सप्टेंबरमध्ये लूना पार्कच्या सभेत ब्लूम आपल्याच कामगारांसमोर उभे राहिले. स्पेनसाठी विमाने मागणाऱ्या घोषणा चालू होत्या आणि त्यांनी त्या सभेला आपला निर्णय समजावून दिला. सभेने त्यांना पाठिंबा दिला, तरी स्पेनचे प्रजासत्ताक १९३९ मध्ये बुडाले. हे वाचताना मला पुष्कळ दिवस निर्णय करता आला नाही. आता वाटते, की नियम पाळणाऱ्याने नियम मोडणाऱ्याबरोबर करार केला की नुकसान ठरलेलेच असते, आणि ब्लूम यांच्यासारख्या कायदेपंडिताला ते ऑगस्टमध्येच दिसायला हवे होते.

वसाहतींच्या बाबतीतही रकाना रिकामाच म्हणावा लागतो. अल्जीरियातील वीस-पंचवीस हजार मुसलमानांना पूर्ण नागरिकत्व देणारे एक लहानसे विधेयक तयार झाले. तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांनी आरडाओरडा केला आणि ते लोकसभेत चर्चेलाही आले नाही. आपल्या देशातील पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांची होती. ३० जुलै १९३६ रोजी, म्हणजे पॅरिसचे कामगार पहिल्या पगारी रजेची तयारी करीत असताना, पाँडिचेरीच्या कापड गिरणीतील संपकऱ्यांवर गोळीबार होऊन बारा कामगार ठार झाले. त्यानंतर १९३७ मध्ये तेथे आठ तासांचा दिवस आणि संघटनेचा हक्क आला. पण पॅरिसमध्ये जे एका रात्रीच्या बैठकीत मिळाले त्याला पाँडिचेरीत बारा जीव द्यावे लागले.

नोव्हेंबर १९३६ मध्ये त्यांचे गृहमंत्री रोजे सालाँग्रो यांनी आत्महत्या केली. पहिल्या महायुद्धात ते शत्रूला फितूर झाले असा खोटा आरोप एक साप्ताहिक महिनोन्‌महिने छापीत होते. चौकशीत ते निर्दोष ठरले, तरी छापणे थांबले नाही. ब्लूम यांच्याविषयीही असेच चाले. ते मुळी बल्गेरियात जन्मले, त्यांचे खरे नाव दुसरेच आहे, चांदीच्या ताटात जेवतात. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी सुधारणांना थोडा विसावा जाहीर केला. मार्चमध्ये क्लिशी या कामगारवस्तीत पोलिसांच्या गोळ्यांनी पाच निदर्शक मेले. म्हणजे त्यांच्याच सरकारच्या पोलिसांनी त्यांचेच मतदार मारले. बातमी आली तेव्हा ब्लूम ऑपेरात होते, तसेच समारंभी पोशाखात इस्पितळात धावले. त्या पोशाखाची वर्तमानपत्रांनी टर उडविली. जूनमध्ये त्यांनी पैशाच्या व्यवहारांसाठी खास अधिकार मागितले, सीनेटने नाकारले, आणि एक वर्ष सतरा दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. १९३८ च्या मार्चमध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले, तेही महिना भरण्यापूर्वी संपले.

जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला. १० जुलै रोजी विशी येथे संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी सारी सत्ता मार्शल पेताँ यांच्या हाती दिली. त्या ऐंशींत ब्लूम होते. त्यांच्या पक्षातील बहुतेकांनी मात्र बाजूने मत दिले. सप्टेंबरमध्ये त्यांना अटक झाली. पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पेताँ यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांना शिक्षा सुनावली, आणि खटला सुरू झाला फेब्रुवारी १९४२ मध्ये! आधी निकाल, मग सुनावणी.

रिओम गावच्या न्यायालयात आरोप असा होता, की चाळीस तास, पगारी रजा आणि संप यांनी देश दुबळा केला म्हणून पराभव झाला. ब्लूम सत्तर वर्षांचे होत आले होते. वकिली पेशाचा सारा अनुभव त्यांनी कामी आणला. तपासणी १९३६ पासूनच का, त्याआधीची वर्षे का नाही, असे त्यांनी विचारले. कारण १९३४ मध्ये युद्धमंत्री खुद्द पेताँ होते आणि त्या साली लष्कराचा खर्च कापला गेला होता. उलट ब्लूम सरकारने सप्टेंबर १९३६ मध्ये चौदा अब्ज फ्रँकची शस्त्रसज्जतेची योजना मंजूर केली होती. आकड्यांनंतर ते रजेकडे वळले. पंतप्रधान असताना आपण कचेरीतून क्वचितच बाहेर पडलो, पण जेव्हा पडलो तेव्हा पॅरिसच्या बाहेरच्या रस्त्यांवर दोघांच्या सायकलींवरून एकसारखे स्वेटर घातलेली कामगार जोडपी चाललेली पाहिली. कष्टाच्या अंधाऱ्या आयुष्यात आपण थोडा उजेड आणला असे तेव्हा वाटले, आणि तुरुंगातही तसेच वाटते, अशा आशयाचे ते बोलले. आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली, एवढेच नव्हे तर त्याचा अभिमान सांगितला. आरोपीच फिर्यादी झाला हे पाहून बर्लिनमध्ये हिटलर संतापला आणि एप्रिलमध्ये खटला गुंडाळण्यात आला.

१९४३ च्या वसंतात त्यांना जर्मनांच्या हवाली करून बुखेनवाल्डला नेले. ओलीस म्हणून त्यांना छावणीच्या बाहेर जंगलातल्या एका घरात ठेवले होते. तेथे झानो ही त्यांची मैत्रीण स्वतःहून कैद पत्करून आली, आणि त्या बंदिवासातच त्यांचे लग्न झाले. संध्याकाळी खिडक्यांतून एक विचित्र वास येई. तो छावणीच्या भट्ट्यांचा होता, हे त्यांना नंतर कळले. त्यांचे धाकटे बंधू रेने हे बॅलेचे प्रसिद्ध व्यवस्थापक होते. त्यांना पॅरिसमध्ये पकडून १९४२ मध्ये ऑशविट्झला धाडले, ते परतले नाहीत. ब्लूम मे १९४५ मध्ये सुटले.

१९४६ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी फ्रान्ससाठी कर्ज आणि जुन्या देण्यांची सूट मिळविली. त्या वर्षाच्या अखेरीस ते पाच आठवडे पुन्हा पंतप्रधान झाले आणि सर्व किमती पाच टक्क्यांनी उतरविण्याचा हुकूम काढला. याच पाच आठवड्यांत व्हिएतनाममध्ये फ्रान्सची लढाई पेटली आणि तीही त्यांच्या खात्यावर लागली. मग ते पॅरिसजवळच्या झुई-आँ-झोझास गावी आपल्या घरी राहिले आणि ल पॉप्युलेरसाठी लिहीत राहिले. ३० मार्च १९५० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

चाळीस तासांचा कायदा १९३८ च्या अखेरीसच सैल करण्यात आला होता. पगारी रजेला मात्र पुढच्या कोणत्याही सरकारने हात लावला नाही. तिचा तिसरा आठवडा फ्रान्सच्या कामगारांना १९५६ मध्ये मिळाला. तेव्हा ब्लूम जाऊन सहा वर्षे झाली होती.